मिशिगनच्या थंडीसाठी थ्रिफ्ट स्टोअरमधला कोट: काय बघून घ्यावा?

हिवाळी_२
ऑगस्टमध्ये मिशिगनला शिकायला जायचंय. इथून जाड कोट नेला तर अर्धी बॅग त्यातच जाते. गुडविल, सॅल्व्हेशन आर्मीच्या दुकानांत वापरलेले कोट स्वस्त मिळतात म्हणे. खरी लोकर ओळखायची कशी? आणि कसर, ढेकूण यांचं काय?

सुईदोरा
आधी आतल्या खिशाजवळचं किंवा बाजूच्या शिवणीतलं लेबल शोधा. लोकरीचं प्रमाण लेबलवर देणं तिकडे १९३९ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. ८०% वूल, २०% नायलॉन असेल तर डोळे झाकून हातात घ्या. नायलॉनमुळे बाह्यांच्या कडा लवकर झिजत नाहीत. ‘रीसायकल्ड वूल’ म्हणजे जुन्या लोकरीचे आखूड तंतू, ते लवकर विरतं. अ‍ॅक्रिलिक जास्त असेल तर गोळे येणारच.

मग कोट उजेडासमोर धरा. कसर लपते ती कॉलरखाली, काखेत आणि खिशाच्या झाकणामागे. एकदोन भोकं रफूने झाकतात, पण ठिकठिकाणी बारीक भोकं दिसली तर कोट परत टांगा.

अस्तर खालून बाहेर लोंबतंय का, हेही बघा. तसं असेल तर कुणीतरी तो वॉशिंग मशीनमध्ये घातलाय: लोकर आटली, अस्तर तेवढंच राहिलं. त्याला उपाय नाही.

खिसापाकीट
फाटलेलं अस्तर, तुटलेली बटणं यांना घाबरू नका, ती किमतीत घासाघीस न करता मिळालेली सूट समजा. चेन मात्र तीनदा वरखाली करून बघा. पुढची मोठी चेन बदलायची मजुरी कोटापेक्षा जास्त होऊ शकते. खांदेही तसेच. बाह्या आखूड करता येतात, खांदे उतरवणं महागात पडतं. कोट स्वेटरवरूनच घालून बघा.

वॉटरप्रूफ जॅकेट उलटं करा. आतला थर पापुद्र्यासारखा सुटत असेल किंवा हाताला चिकट लागत असेल तर ते जॅकेट संपलंय.

बऱ्याच गुडविलमध्ये ठरावीक रंगाच्या टॅगवर त्या आठवड्यापुरती सवलत असते, दारातच विचारा. गुडविलच्या आउटलेटमध्ये कपडे वजनावर विकतात, तिथे जड कोटापेक्षा हलकं डाउन (मऊ पिसं भरलेलं) जॅकेट परवडतं.

हिवाळी_२
डाउन कसं तपासायचं? आणि ढेकणांचं राहिलंच.

सुईदोरा
जॅकेट मुठीत दाबून सोडा. लगेच फुगलं तर पिसं जिवंत आहेत. कप्प्यांत गुठळ्या लागल्या तर बहुधा धुऊन नीट वाळवलेलं नाही. कमी उष्णतेच्या ड्रायरमध्ये २-३ टेनिस बॉल टाकून फिरवलं की बऱ्याचदा सुटतात. पूर्ण वाळायला दोन-तीन तास लागतात, घाई केली की कुबट वास धरतो.

ढेकणांसाठी: ड्रायर चालणारे कपडे जास्त उष्णतेवर ३० मिनिटं. लोकरीचा कोट ड्रायरमध्ये नको, तो पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, किमान ४ दिवस. रूममेटना आधी सांगा! तोपर्यंत पिशवी पलंगावर ठेवू नका.

डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर अत्तर मारू नका. बाहेर सावलीत वाऱ्यावर टांगा, आठवडाभर तरी लागेल.