ग्लॅडिओलसचे कंद उन्हाळ्यात कसे टिकवावेत? मदत हवी आहे

पुण्यात अंगणातल्या वाफ्यात ऑक्टोबरमध्ये ग्लॅडिओलस लावले होते. फुलं छान आली. दांडे कापताना खाली चार-पाच पानं ठेवली, पानं पिवळी पडल्यावर पाणी तोडलं आणि मार्चअखेर कंद काढले. जुना कंद चपटा, वाळलेला. त्याच्या डोक्यावर नवा टपोरा कंद आणि भोवती वाटाण्याएवढी पिल्लं. जुने भाग काढून टाकले, नवे कंद सावलीत सुकवले, बाविस्टीन या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून पुन्हा कोरडे केले आणि जाळीच्या पिशवीत टांगले.

आता काही कंदांच्या बुडाशी तपकिरी, दाबल्यावर मऊ लागणारे डाग दिसताहेत. ते लगेच वेगळे केले. बाकीचे टणक आहेत, वरची कागदासारखी सालही शाबूत आहे. पण घरात दुपारी ३६-३७ अंश तापमान असतं आणि खरा मे अजून यायचाय.

शीतगृहाची सोय नाही, एवढ्याशा कंदांसाठी कोण ठेवून घेणार! घरचा फ्रिज आहे, पण भाजीच्या कप्प्यात आंबे, केळी, सगळंच असतं. फळांच्या वायूने कोंब बिघडतात म्हणे. जमिनीतच राहू द्या असं कृपया सुचवू नका. आमची माती काळी आहे, पावसात पाणी साचतं.

पुढची लागवड पुन्हा ऑक्टोबरमध्येच करायची आहे. तर टणक कंद आत्ताच फ्रिजमध्ये ठेवावेत, की लागवडीआधीचे दोन-तीन महिनेच? कागदी पिशवीत नुसते, की कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात)? आणि डागाळलेल्यांचा सडका भाग कापून राख लावली तर ते वाचतात, की सरळ फेकावेत?