मैफलीला जाणं मी बंद केलंय. कोल्हापूरकरांनी खुशाल शिव्या द्याव्यात

कमी_तिखट (धागा काढणारा)

गेल्या महिन्यात गावात एका नामवंत गवईबुवांची मैफल होती. हॉलचं आणि मंडळाचं नाव घेत नाही, सगळे ओळखीचेच आहेत. वेळ साडेसहाची. मी सव्वासहाला हजर, बाबांनी लावलेली सवय. सात वाजता दीपप्रज्वलन. मग प्रायोजकांचा सत्कार, प्रायोजकांच्या तीर्थरूपांचा सत्कार, हॉल दिल्याबद्दल हॉलवाल्यांचा सत्कार, आणि शेवटी शाली ज्यांच्या दुकानातून आल्या त्यांचाही. बुवांनी सा लावला तेव्हा आठाला दहा कमी होते. पहिल्याच आलापात माईक कोकलला. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ प्रत्येक समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मागं वळून आमच्याकडं बघायचे, आम्हाला सम कळली का ते तपासायला. माझ्या पुढ्यात एक पोरगा दोन्ही हातांनी फोन वर धरून बसलेला, त्यामुळं बुवा मला त्याच्या पडद्यावरच दिसले. साडेनऊला भैरवी, कारण दहाला हॉल रिकामा करायचा होता.

घरी आलो, पिठलं-भाकरी खाल्ली, दिवा मालवला, हेडफोन लावले आणि मन्सूरअण्णांचा, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूरांचा, राग बसंती केदार ऐकला. दोनशे रुपये आणि चार तास घालवून जे मिळालं नाही ते फुकटात आणि आडवं पडून मिळालं.

माझं म्हणणं सरळ आहे. गाणं ही एकट्यानं, अंधारात, मनाला येईल तेव्हा ऐकायची गोष्ट आहे. मैफल हा समारंभ आहे. ज्याला समारंभ आवडतो त्यानं जावं. पण "प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय गाणं कळत नाही" ही जी दमदाटी चालते ती बंद करा.

खासबागची_हलगी

भावा, मग कुस्ती पण घरात आडवं पडून बघ की. खासबागेत हलगी कडाडली की शेवटच्या पायरीवरचं म्हातारं सुद्धा मांड्या थोपटतंय. हेडफोनात हलगी ऐकून कुणी मांडी थोपटलेली मी तरी बघितली नाही. आणि पिठलं-भाकरी कसली, मैफलीनंतर तांबडा-पांढरा पाहिजे.

जुना_मास्तर

कमी_तिखट, तुमचा राग समजतो. त्या हॉलात मीही होतो. तुमच्या मागच्याच रांगेत असेन, कारण ते वळून बघणारे गृहस्थ माझ्याकडंही बघत होते. पण राग सत्काराचा आहे आणि शिक्षा गाण्याला देताय.

मी पॅलेस थिएटरात, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहात, वडिलांच्या मांडीवर बसून संगीत नाटकं बघितली. शाहू महाराजांनी 1915 साली ते सुरू केलं तेव्हा माईक नावाची वस्तू नव्हती. मधे एक खांब नाही. नटाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे हे बांधणाऱ्यानंही पाहिलं आणि गाणाऱ्यानंही. गायक-नट केशवरावांचा आवाज कसा चढायचा याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी सकाळी जाऊन लांबून बघून आलो. आत जायचं धाडस झालं नाही. वास्तू पुन्हा उभी राहील, राहावीच. पण पन्नास वर्षांपूर्वीची त्या लाकडातली घुमक माझ्या कानात आहे ती कुठल्या मशीनमध्ये नाही.

आता मुद्द्याचं. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब 1895 च्या सुमारास या गावात आले, महाराजांच्या पदरी राहिले, 1922 साली महाराज गेल्यानंतर मुंबईला गेले, आणि 1946 ला वारले. ग्रामोफोन कंपनी 1902 पासून हिंदुस्थानात गवई शोधत हिंडत होती. चव्वेचाळीस वर्षं खाँसाहेबांच्या दारात ती सोय उभी होती. त्यांची एकही रेकॉर्ड नाही. एकही! एवढ्या मोठ्या गवयाला त्या रेकॉर्डच्या तव्यावर आपलं गाणं मावेल असं वाटलं नाही, याला काही अर्थ असेल की नाही?

कमी_तिखट

मास्तर, अर्थ आहेच. तो असा, की खाँसाहेब कसे गात होते हे आज जगात कुणालाच माहीत नाही.

मिरजेचा_भोपळा

कोल्हापूरकर भांडत असताना मिरजेनं मधे पडू नये असा शिरस्ता आहे, तरी पडतो.

कमी_तिखट बरोबर बोलले. तुमच्या खाँसाहेबांनी तवा नाकारला, आमच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी घेतला. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात राग काय मांडणार? तरी त्या तीन मिनिटांनी काय केलं ते बघा. गदगकडचं एक पोरगं दुकानात वाजणारी त्यांची ठुमरीची रेकॉर्ड ऐकतं, डोक्यात काहूर माजतं, घर सोडून गुरू शोधत पळून जातं. ते पोरगं म्हणजे भीमसेन जोशी. प्रत्यक्ष मैफलीची वाट बघत बसलं असतं तर?

तुमच्या घराण्याचंही तेच. केसरबाई केरकर रेकॉर्डिंगच्या बाबतीत किती ताठ होत्या ते सगळे सांगतात. पण त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर आकाशात गेली, आणि बाई गेल्या त्याच साली. म्हणजे परग्रहावर कुणी असलंच तर त्याला जयपूर घराणं रेकॉर्डवरूनच कळणार. त्याला "प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय कळत नाही" म्हणून सांगायला जुना_मास्तर जाणार काय?

एका बाबतीत मात्र हेडफोनवाल्यांच्या विरुद्ध. तानपुरा. भोपळा पंढरपूर भागातनं येतो, आमच्याकडं कारागीर त्याला दांडी जोडतो, जवारी लावतो, म्हणजे तारेचा झणकार जुळवतो. घोडीचा माथा एका केसाइतका घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, परत ऐकायचं. जवारी नीट बसली की खरजाच्या तारेतनं गंधार आपोआप उगवतो. कुणी वाजवलेला नसतो. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. माझ्या हातचा तानपुरा रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की मला तो ओळखू येत नाही, पोटच्या पोराचा आवाज फोनवर परका वाटावा तसं होतं. अ‍ॅपमधल्या तानपुऱ्याबद्दल तर मला विचारूच नका.

अनवट

मी दहा वर्षं जयपूरची तालीम घेतो. मोठी गायिका वगैरे नाही, बँकेत नोकरी करतो आणि पहाटे रियाज करतो. पण थोडं समोरच्या बाजूनं, म्हणजे सतरंजीवरनं सांगतो.

आमच्या गाण्यात आकाराची बढत तालाच्या अंगानं चालते. मात्रा सोडून, मात्रेच्या मधे पाऊल टाकत, आडवळणानं समेवर यायचं. हेडफोनवर तुम्हाला सम आलेली कळते. समोर बसलात तर सम यायच्या आधी दोन मात्रा कळते, गाणाऱ्याचा खांदा उचलतो, तबलजीची मान हलते, आणि तुम्ही श्वास धरता. हा धरलेला श्वास मला स्टेजवर ऐकू येतो. खरंच येतो. परवा एका घरच्या बैठकीत वीस माणसं होती, रायसा कानडा चालला होता, आणि एक तान मी घरी कधीच घेतली नव्हती ती अचानक घेऊन मोकळा झालो. कोपऱ्यातल्या एका आजींनी नुसतं "हं" केलं म्हणून. घरी भिंत "हं" करत नाही.

आणि कमी_तिखट, एक विचारू? तुम्ही ऐकलेला मन्सूरअण्णांचा बसंती केदार स्टुडिओतला की मैफलीतला?

पेठेतला_पुणेकर

अनवट, प्रतिसाद आवडला. एक किरकोळ शंका, आपण एके ठिकाणी 'गायिका' लिहिलंय आणि पुढे 'मोकळा झालो'. नक्की काय?

अनवट

कोल्हापूरची बाई आहे ओ. आमच्यात बायका पण आलो-गेलो-जेवलोच म्हणतात. सवय करून घ्या.

कमी_तिखट

मैफलीतला आहे. मान्य. "वा" ऐकू येतो, आणि सुरुवातीलाच कुणीतरी चांगला घसा साफ करून खोकतो. इतकी वर्षं ऐकतोय की तो खोकला आता मला पाठ आहे. एकदा दुसऱ्या कुणी ती फीत साफसूफ करून टाकलेली मिळाली, खोकला काढलेला. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, परत जुनीच लावली.

पण म्हणून काय सिद्ध होतं? तो खोकणारा मेला असेल आता. मेलेला रसिक मला चालतो, तो फोन वर धरत नाही.

खासबागची_हलगी

हे लै भारी होतं. 😄

मिक्सरवाला

माईक कोकलला म्हणून सगळे मला बोलतात, तेव्हा मला पण बोलू द्या. त्या कार्यक्रमाला मी नव्हतो, पण असे पन्नास कार्यक्रम केलेत.

गवई येतात सहाला. येऊन चहा. साउंड चेकला मला मिळतात पाच मिनिटं, तीही रिकाम्या हॉलात. रिकामा हॉल घुमतो. मग चारशे माणसं येऊन बसतात, अंगं आणि कपडे आवाज पितात, सगळं गणित बदलतं. तोवर बुवा स्टेजवरनं खूण करतात, मॉनिटर, म्हणजे त्यांच्याकडं तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर, वाढव. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायला पाहिजे, बरोबरच आहे. वाढवला. तबलजी म्हणतो मला पण. वाढवला. आता मॉनिटरचा आवाज परत गाण्याच्या माईकात शिरतो, तिथनं परत मॉनिटरला, आणि शिट्टी. मी खाली ओढेपर्यंत तीन सेकंद जातात आणि चारशे माना माझ्याकडं वळतात.

ते सत्काराचे पन्नास मिनिटं मला द्या. शपथेवर सांगतो, शिट्टी येणार नाही. पण शाल द्यायला वेळ असतो, माईकला नसतो.

मास्तर, तुमच्या पॅलेस थिएटराबद्दल एक. तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तेव्हाचे नट वरच्या पट्टीत, ताकद लावून गायचे कारण तसं गावंच लागायचं. आजचे गवई हळू, माईकच्या जवळ, कुजबुजल्यासारखं गातात, आणि लोकांना तेच आवडतं, कारण त्यांचे कान हेडफोननं घडवलेत. मशीननं गाणंच बदललंय. ते माझ्या पोटावर पाय आणणारं नाही, उलट त्यावरच माझं घर चालतं, तरी सांगितलं.

पापाची_तिकटी_किंग

सगळी म्हातारी जमलीत इथं. खरी मैफल बघायची तर अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडला या. डॉल्बीचा बेस छातीत वाजतो, कानात नाही. हजार पोरं एका ठोक्यावर. ते फोनवर लावलं तर चिमणी चिवचिवल्यासारखं वाटतं. लाइव्ह म्हणजे लाइव्ह. नाद खुळा.

जुना_मास्तर

अरेरे. माझ्या बाजूनं बोलायला हाच मिळायचा होता.

मिरजेचा_भोपळा

मास्तर, नाही म्हणता येणार नाही हं. तुमची घुमक आणि त्याचा बेस, युक्तिवाद एकच. 

महाद्वारची_सूनबाई

किंग, तुझी छाती वाजते, आमच्या खिडकीच्या काचा वाजतात. सासूबाईंची बायपास झालीय, विसर्जनाला त्यांना दोन दिवस कागलला नणंदेकडं ठेवतो. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमात लिहिलेली आहे, ती कागदावरच. हेडफोनवाल्यांचं एवढं तरी बरं, त्यांची आवड त्यांच्याच कानात राहते.

हलगी-घुमकं, लेझीम याला कुणी कधी नाही म्हटलं नाही. त्या दिवशी सासूबाई स्वतः खिडकीत येतात.

कमी_तिखट

सूनबाईंना पूर्ण पाठिंबा. माझा दुसरा धागा त्यावरच काढणार होतो.

अनवट, तुमच्या त्या आजींचं "हं" डोक्यातनं जात नाहीय. चारशेच्या हॉलात तो ऐकू आला नसता, बरोबर? म्हणजे माझं भांडण मैफलीशी नसून हॉलशी आहे असं तुम्ही म्हणणार. अर्धं मान्य. पण वीस माणसांच्या घरच्या बैठकीला बोलावतं कोण? त्यासाठी कुणाचा तरी पाहुणा, शिष्य किंवा बँकेतला साहेब असावं लागतं. माझ्यासारख्याला दोनशे रुपयांचं तिकीट नाहीतर हेडफोन. त्यात हेडफोन मला कधी आडनाव विचारत नाही.

अनवट

हे लागलं. आणि खरं आहे. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

गडहिंग्लजचा_टाळकरी

एवढं वाचलं, आता राहवत नाही. तुमच्या वादात दोनच माणसं आहेत, एक गाणारा आणि एक ऐकणारा. आमच्या सोंगी भजनात तसं नसतंय. मी टाळ धरतो, शेजारचा पखवाज, समोरचा कृष्णाचं सोंग घेऊन बसलेला असतो तो सकाळी माझ्याच म्हशीचं दूध घालायला जातो. ऐकायला आलेला माणूस दुसऱ्या कडव्याला टाळ उचलतो. त्याला रेकॉर्ड केलं एकदा भाच्यानं. ऐकलं तर निम्मे बेसूर. तिथं बसल्यावर कुणीच बेसूर नव्हतं, देवाशपथ.

मग कुठलं खरं, ते तुम्ही शहाणी माणसं ठरवा.

मिक्सरवाला

टाळकरी दादा, रेकॉर्डिंग खरं. पण ते कुणाला ऐकवू नका.

कमी_तिखट, आमच्या गल्लीत दर गुरुवारी रात्री दत्ताच्या देवळात भजन असतंय. शिवाजी पेठेत. मी तिथं हार्मोनियमला बसतो, माईक लावत नाही, मला एक दिवस तरी सुट्टी पाहिजे की. दहा-बारा माणसं. आडनाव कुणी विचारत नाही, फक्त चप्पल सांभाळा. येत्या गुरुवारी या.

कमी_तिखट

सत्कार आहे का?

मिक्सरवाला

एकच. पखवाजवाल्या अण्णांना पंचाहत्तर झाली. पाच मिनिटांत उरकतो.

कमी_तिखट

सव्वानऊला येतो.

मिक्सरवाला

दहाच्या आत कुणी येत नाही.