ट्रेलर ओढायला एर्टिगा चालेल की बोलेरो घ्यावी?

प्रश्न (यावल): घरी एर्टिगा सीएनजी आहे. झोपायची सोय असलेला छोटा ट्रेलर घ्यायचाय, सामानासकट ९०० किलो. आई, बायको, दोन मुलं सोबत. तोरणमाळला न्यायचाय. हूक बसवून भागेल का?

उत्तर (भुसावळ): भाऊ, एर्टिगाला नको. पाच माणसं बसली की तिची वजन पेलायची ताकद बरीचशी तिथंच संपते. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येतो, म्हणजे तुमचे ९० किलो मागच्या चाकांवर वाढले. तो भार कमी ठेवायला सामान मागे सरकवलं, तर ट्रेलर वेगात डुलायला लागतो, आणि ते फार वाईट. चासीवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली डिझेल गाडीच बघा. बोलेरोचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, २१० न्यूटन-मीटर, सपाटीला पुरेल, पण घाटात पाच माणसांसह दमेल. माझं मत जुन्या स्कॉर्पिओला. कुठलीही घ्या, मॅन्युअलमध्ये ओढायची मर्यादा लिहिलेली असेल तर तीच अंतिम माना.

उत्तर (शहादा): चढापेक्षा उताराचं बघा! तोरणमाळच्या वळणांवर गाडीचेच ब्रेक दोघांना थांबवणार असतील तर ते तापतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. उतरताना दुसरा गिअर. आणि ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते, बनवायला टाकण्याआधी विचारून घ्या.

प्रश्नकर्ता: आईला घाटात भीती वाटते, म्हणून ब्रेकवाला ट्रेलरच घेतो. रविवारी जळगावला स्कॉर्पिओ बघायला जातोय. जुन्या गाडीत क्लच कसा तपासायचा?

उत्तर (भुसावळ): चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग नाही, तर क्लच गेला.