अनुभव हवेत: घरातल्या जुन्या फोटोंना नावं कशी घालता?

सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला आणि माळ्यावरच्या ट्रंकेतले सगळे अल्बम माझ्याकडे आले. स्कॅनिंग चालू आहे, पण फोटोंच्या मागे लिहिलंय काय तर 'माई, आक्का व मंडळी, पर्वती'. कोणाची माई? आमच्याकडे प्रत्येक पिढीत एक आहे. तुमची पद्धत सविस्तर लिहा.

*

नातं लिहायचंच नाही. माझी आत्या म्हणजे माझ्या मुलाची आत्याआजी, त्याच्या पोरांना काय डोंबल कळणार. आम्ही एक्सेलमधे प्रत्येकाचं एकच नाव फिक्स केलंय: पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, जन्मसाल, आणि हाकेची नावं वेगळ्या कॉलममधे. आजीचं लग्नात कमलची उषा झालं, तर चुलतभावाने शाळेच्या फोटोतली कमल आणि आजोबांशेजारची उषा अशी दोन फोल्डरं केली होती! पुरुषांचा घोळ वेगळाच, नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं त्यामुळे विष्णू रामचंद्र, मग रामचंद्र विष्णू, मग परत विष्णू रामचंद्र. जन्मसालाशिवाय वेगळे होतच नाहीत.

*

फाईलच्या नावात साल आधी, मग महिना, १९५८-०५ असं, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहा, उगाच ठोकून देऊ नका. स्कॅनच्या फाईलमधे तारीख स्कॅन केल्याची पडते, आमचे फेटेवाले पणजोबा गेल्या महिन्यातले दिसत होते 😄 ती बदला. आणि साल काढायला मागची भिंत बघा, कालनिर्णय टांगलेलं असेल तर फोटो १९७३ च्या आधीचा असूच शकत नाही.

*

आम्ही नारायण पेठेतले, बरेच अल्बम १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुरात गेले. उरलेल्यांवर खाली मातकट रेघ आहे. स्कॅनवाला फोटोशॉपमधे काढून देतो म्हणाला, मी नको म्हटलं, रेघ आहे म्हणजे पुराच्या आधीचा हे तरी कळतं.

*

मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे चेहऱ्यावर वळ उठतो. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने.

*

फोनच्या ॲपमधे चेहऱ्यांना दिलेली नावं बहुतेक वेळा त्या ॲपपुरतीच राहतात, फाईलमधे जात नाहीत. डिजिकॅम (digiKam) हा कॉम्प्युटरवरचा फोटोंचा प्रोग्रॅम फुकट आहे, त्यात सेटिंग केलं की फाईलमधेच लिहिलं जातं. मात्र व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की ही माहिती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

*

ग्रुप फोटोला 'बसलेले, बघणाऱ्याच्या डावीकडून' असं पूर्ण लिहा, नुसतं डावीकडून म्हटलं की सासूबाई फोटोतल्यांची डावी बाजू धरतात आणि मग मामंजी त्यांच्याच मेहुण्याच्या जागी जातात. जे ओळखू येत नाहीत त्यांनाही नंबर द्या, तोच नंबर सगळीकडे, म्हणजे एकदा नाव कळलं की सगळे फोटो एका झटक्यात सुटतात. आमची 'अनोळखी-३' अजून सापडली नाहीये, मुंज असो, डोहाळजेवण असो, बाई प्रत्येक पंगतीत आहेत आणि बहुतेक वाढायलाच उभ्या.