बायथलॉन बघाच

हिवाळी खेळांत सगळे नुसते घड्याळाशी शर्यत लावतात, टीव्हीवर बघायला मजा येत नाही, असं काही जण म्हणतात. ल्यूजपुरतं (म्हणजे छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून बर्फाच्या उतारावरून सुसाट यायचं) थोडंफार पटतं, कारण सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक आपल्या डोळ्यांना दिसणार कसा? (तरी आपल्या भारताचे शिवा केशवन १९९८ ते २०१८ सलग सहा ऑलिंपिकमध्ये त्यातच उतरले, याचं मला फार अप्रूप आहे.) पण बायथलॉन एकदा सलग बघाच.

बर्फावर स्की दामटत यायचं, पाठीवरची रायफल काढायची आणि ५० मीटरवरच्या पाच टिकल्या टिपायच्या. झोपून नेम धरताना टिकली ४५ मिलिमीटरची, उभ्याने ११५ ची. छाती भात्यासारखी वरखाली होत असते. कॅमेरा जवळ गेला की नळीचं टोक डुलताना स्पष्ट दिसतं, मग दोन श्वासांच्या मध्ये ते क्षणभर थांबतं आणि चाप ओढला जातो. लागला नेम की काळी टिकली पांढरी होते. चुकला तर बहुतेक शर्यतींत १५० मीटरचा जादा फेरा. कष्टाने मिळवलेली आघाडी दोन गोळ्यांत जाते, तेव्हा जीव अक्षरशः तुटतो.

नवीन असाल तर बायथलॉनच्या परस्यूटपासून, म्हणजे पाठलागाच्या शर्यतीपासून सुरुवात करा. आधीच्या स्प्रिंटमध्ये (छोट्या शर्यतीत) पहिल्यापेक्षा जितके सेकंद मागे, तितक्याच उशिरा सुटायचं. त्यामुळे जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला, आकडेमोडीची गरजच नाही.