शब्दचर्चा: हलकाफुलका, पांचट, कौटुंबिक वगैरे

माडाखाली (देवगड)

मंडळी, एक मदत हवीये, शब्दांचीच आहे म्हणून इथे विचारतोय. आमच्या वाचनालयाने मे महिन्यात चाकरमानी आले की शाळेच्या पटांगणात पडदा लावून मराठी विनोदी पिच्चर दाखवायचं ठरवलंय, आणि कुठले दाखवायचे ते आम्ही चारपाच जणांनी आधी बघून मार्क द्यायचे. फॉर्म कुणीतरी मोबाईलवर तयार करून पाठवला, ह्यूमर, अॅक्टिंग, फॅमिली फ्रेंडली, प्रत्येकी दहा मार्क. मी म्हटलं मराठी वाचनालय आहे तर मराठीत करूया की, आणि तिथेच गाडी अडली. तिसऱ्या रकान्याला ‘कौटुंबिक’ लिहिलं तर अध्यक्ष म्हणाले अरे कौटुंबिक म्हणजे रडका. आणि खरंच आहे ते, ‘कौटुंबिक चित्रपट’ म्हटलं की सासू, सून, वाटण्या आणि शेवटी सगळे पाया पडतात तो. वर ‘हलकेफुलके चित्रपट’ असं हेडिंग दिलं होतं तर एक काकू म्हणतात, हलके कशाला दाखवताय, जरा चांगले दाखवा ना! आता सांगा काय लिहू. आणि विनोद या रकान्यात तरी मार्क कशाला द्यायचे, जोरात हसलो त्याला का बराच वेळ हसलो त्याला?

खाडीपलीकडे (गुहागर)

दादा, काकूंचं अगदीच चूक नाही. नुसता ‘हलका’ माणसाला लावला की तो वाईटच, हलका माणूस, हलक्या कानाचा, हलक्या दर्जाचा. पण हलका आहार, हलका हात, रडून झाल्यावर मन हलकं होणं, हे सगळं चांगलं. म्हणजे वजन कमी एवढाच अर्थ आहे, आता ते चांगलं का वाईट हे कशाचं वजन त्यावर. ‘फुलका’ मागे लागला की दर्जाचा अर्थ गळून जातो आणि फक्त फुललेपणा राहतो, त्यामुळे हलकाफुलका माणूस म्हटलं तर शिवी होत नाही. मी हेडिंग तसंच ठेवेन.

खरा उलटा शब्द ‘थिल्लर’ आहे. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे उथळ डबकं. पावसात आमच्या रस्त्यावर जागोजाग असतात ती, पाणी दिसतं पण पाऊल टाकलं की घोटाही बुडत नाही. काही पिच्चर तसेच असतात, पहिली वीस मिनिटं वाटतं काहीतरी आहे, मग कळतं एवढंच होतं. हलक्याफुलक्याला निदान एक गोष्ट असते आणि माणसं असतात, तिचं ओझं तुमच्या डोक्यावर देत नाहीत इतकंच.

सुरमईचा तुकडा (मालवण)

ताई, पांचट राहिला ना. पांचट, पाचकळ आणि पाणचट यात फरक आहे का काही? आमच्या कॉलेजात पीजे म्हणजे पांचट जोक असंच सगळे समजायचे, मूळचा पुअर जोक आहे हे पुण्यात गेल्यावर कळलं, पण मला अजून पांचटच बरोबर वाटतो 😀

खाडीपलीकडे (गुहागर)

पाणचट तर उघडच आहे, पाणी जास्त. कढी पाणचट, सार पाणचट. बोलण्याला मी पाचकळ वापरते, म्हणजे चव नाही आणि तरी वाढणारा थांबत नाही. पांचट मात्र थोडा लाडाचा झालाय आता, मित्र पांचट जोक मारतो तेव्हा आपण ओरडतो पण हसतोही. गंमत बघा ना, विनोदाला नावं ठेवायला आणि कौतुक करायलाही आपण स्वयंपाकघरातच जातो. खमंग, खुसखुशीत, चुरचुरीत, चटकदार, आणि फसला की सपक, शिळा, पाणचट. याउलट जाहिरातीतले शब्द बघा, तुफान विनोदी, गडगडाटी, धम्माल (दोन म शिवाय चालतच नाही), सगळं वादळ-वाऱ्याचं. आमच्या किनाऱ्यावर तुफान शब्द विनोदाला लावायला जीभ वळत नाही हो.

जुना मास्तर (वेंगुर्ला)

‘मार्क कशाला द्यायचे’ या प्रश्नावर जरा लांब लिहितो, चालवून घ्या, सवय आहे. नाट्यशास्त्रात भरताने हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे अशी वाटणी आहे. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात थोडे दिसतात, विहसितात गोड आवाज येतो, उपहसितात नाकपुड्या फुलतात, अपहसितात डोळ्यात पाणी येऊन खांदे आणि डोकं हलतं, आणि अतिहसितात माणूस कुशी धरून हसतो. आता उत्तम-अधम ही वाटणी आज कोण मानणार, आमच्याकडे धयकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, कुशी धरून हसणारे गावचे मानकरीच असतात. पण यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, हसू एका मापाचं नसतं. जोरात हसलो म्हणून दहा आणि गालात हसलो म्हणून चार असं केलंत तर आरडाओरडा असलेलाच पिच्चर निवडून येईल आणि मिश्कील पिच्चर दरवेळी पडेल.

दुसरं म्हणजे आत्मस्थ आणि परस्थ ही जोडी. नट स्वतःच हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. ही जोडी अभिनयाच्या रकान्यात मला फार उपयोगाची वाटते. हल्ली बरेच नट स्वतःच्या वाक्यावर स्वतःच आधी खूश होतात, डोळे बारीक करून आपल्याकडे बघतात, कळला का म्हणून. तिथे माझे मार्क कमी. अशोक सराफ काय करतात बघा, गोंधळ सगळा चालू असतो आणि ते मात्र त्या माणसाच्या अडचणीत खरोखर अडकलेले असतात, त्यांना काहीच विनोदी वाटत नसतं. म्हणून आपल्याला वाटतं.

घोवाची बायल (कणकवली)

सर खूप छान. पण एक विचारू? तोतरा, बहिरा, जाडी बाई, काळी मुलगी यांच्यावर हसणं याला भरताने काय म्हटलंय? कारण आमच्या घरात ‘सहकुटुंब बघण्यासारखा’ म्हणून लावलेल्या पिच्चरमध्ये शिवी एक नव्हती, किस नव्हता, आणि दर पाच मिनिटांनी जाड्या पोरीवर जोक. माझी भाची बाजूलाच बसलेली. मग ती जेवली नाही त्या रात्री. ह्याला सहकुटुंब म्हणायचं तर आमची भाची कुटुंबात येते का नाही?

जुना मास्तर (वेंगुर्ला)

बाई, खरं सांगतो, भरत तुमच्या बाजूने नाही. हास्याची कारणं सांगताना त्याने विकृत वेष, धीटपणा, असंबद्ध बडबड याच यादीत व्यंगदर्शन पण घातलंय, म्हणजे दुसऱ्याचं व्यंग दिसणं. लोक कशाला हसतात त्याची ती यादी आहे, कशाला हसावं याची नाही, असं मी वाचतो. तुमचा प्रश्न मात्र फॉर्मसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

राजाचा पार्ट (कुडाळ)

दशावतारात काम करतो म्हणून लिहितोय. सिनेमात पुरुषाने साडी नेसली की लगेच म्युझिक वाजतं आणि समजायचं की हसा. आमच्याकडे राणी, देवी, नायिका सगळ्या पुरुषच करतात पिढ्यान्‌पिढ्या, आणि कोण हसत नाय. राणी रडते तेव्हा बायका पदर डोळ्याला लावतात. हसवायचं काम संकासुराचं, तो सुरुवातीला आडदशावतारात, म्हणजे मुख्य खेळाआधीच्या भागात येतो आणि भटजीला नि बाकीच्यांना मालवणीत असं काय गुंडाळतो की बस, आणि त्याला कोणी लिहून दिलेलं नसतं, आमच्यात संहिताच नसते, समोर कोण बसलाय, गावात काय झालंय त्याच्यावरून आयत्या वेळी बोलायचं. तर साडी हा विनोदच नाय, त्या साडीतल्या माणसाची झालेली पंचाईत हा विनोद. अशी ही बनवाबनवी 1988 चा, अजून घराघरात लागतो, त्याच्यात पण बघा, साड्या नेसलेत म्हणून नाय हसत आपण, राहायला जागा पाहिजे म्हणून खोटं बोलले आणि आता ते निस्तरता येत नाय म्हणून हसतो. जागेची अडचण काढून टाका, नुसत्या साड्या ठेवा, पाच मिनिटात कंटाळा येईल.

सुरमईचा तुकडा (मालवण)

दादा एकदम बरोबर बोललास. आणि मालवणी भाषेचं पण तसंच कर ना कोणीतरी. पिच्चरात बंगल्यावरचा नोकर असला की तो मालवणी, हेल काढला की झाला जोक. आम्ही घरात रडतो पण मालवणीत, कर्जाचं बोलतो ते पण मालवणीत, तेव्हा काय आम्ही कॉमेडी करत असतो? वस्त्रहरण नाटकात अख्खी मालवणी आहे पण तिथे गावातले गावातल्यांना हसतात, नाटक बसवताना जो घोळ होतो त्याला हसतात. गवाणकरांनी लिहिलं, मच्छिंद्र कांबळींनी 1980 पासून गावोगाव नेलं, तेव्हा भाषा वर गेली. नोकराच्या हेलाने नाही गेली.

माडाखाली (देवगड)

हे सगळं वाचून तिसरा रकाना आणखी अवघड झाला माझा. आणि शिव्यांचं काय करायचं? आमच्याकडे आजी नातवाला ‘मेल्या खय होतस’ म्हणते ते लाडाने. मुंबईहून आलेली सून ते ऐकून दचकते. पिच्चरात ‘मेल्या’ आला तर मार्क कापायचे का?

घोवाची बायल (कणकवली)

माझं नाव बघून बऱ्याच जणांना वाटतं मी काहीतरी वाईट बोलतेय 😄 घोव म्हणजे नवरा, घोवाची बायल म्हणजे नवऱ्याची बायको, यात काय वाईट? 2010 मध्ये ‘शिक्षणाच्या आईचा घो’ नावाचा पिच्चर आला, महेश मांजरेकरांचा, तेव्हा नावावरून केवढा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आता आईचा घो म्हणजे वडीलच ना हो! पण शब्द आणि शब्दाचा टोन या दोन वेगळ्या गोष्टी, कोकणात तो वाक्प्रचार रागाने टाकला तर कानाला शिवीच लागते हे मीही मान्य करते. पिच्चर मात्र त्याच नावाने लागला.

माझं मत, ‘मेल्या’ला मार्क कापू नका. शिवी कुणी कुणाला कुठल्या नात्यात दिली ते बघा. शिमग्यात तर अख्खा गाव बोंबा मारतो, शिव्या देतो, लहान पोरं पुढे असतात, तेव्हा कोणी कुटुंबाला घरात कोंडून ठेवत नाही.

खाडीपलीकडे (गुहागर)

आणि सर्टिफिकेटवर जाऊ नका. सेन्सॉरचं सर्टिफिकेट सुरुवातीला येतं त्यावर मोठ्ठा ‘अ’ दिसला की आमच्या शेजारच्या काकी पोरांना आत पाठवतात, अ म्हणजे अॅडल्ट म्हणून! तो हिंदीतला अ, अनिर्बंधित, म्हणजे कोणीही बघा. प्रौढांसाठीचा ‘व’, वयस्क. आणि दोन्ही मिळून ‘अव’ म्हणजे यूए. इंग्रजी अक्षर बाजूलाच असतं पण घाईत कोण बघतो. 2023 मध्ये कायदा बदलला त्यानंतर यूएचे पण सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या वरचे असे तीन तुकडे झालेत, ते मात्र उपयोगाचे आहेत. पण त्यातून मुलांचं वय कळतं, आजोबा बाजूला बसले असताना जावयाला कुठे बघावं हे सुचणार नाही, असला प्रसंग त्यात कळत नाही.

राजाचा पार्ट (कुडाळ)

जावई 😂😂 खरी परीक्षा तीच.

माडाखाली (देवगड)

बरं मंडळी, काल रात्री बसून असं केलंय. हेडिंग ‘हलकेफुलके मराठी चित्रपट’ कायम, काकूंना समजावलं. पहिला रकाना ‘विनोद’, त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘कशाला हसलो ते एका ओळीत लिहा’. मार्क दहाच, पण ओळ कोरी ठेवली तर मार्क धरणार नाही. दुसरा ‘अभिनय’, मास्तरांचं आत्मस्थ-परस्थ लिहिलं असतं पण आमच्या खजिनदारांना ते कर्जरोखे वाटले असते, म्हणून ‘नट स्वतः हसतो का आपल्याला हसवतो’ एवढंच लिहिलं. तिसरा ‘सहकुटुंब’. कौटुंबिक काढला, ‘सोज्वळ’ कुणीतरी सुचवला होता तोही काढला कारण सोज्वळ म्हटलं की देवळातलं काहीतरी वाटतं. आणि तिथे दोन प्रश्न, पटांगणात बसलेल्यांपैकी कुणाला मान खाली घालावी लागेल का, आणि लागली तर लाजेने का अपमानाने. लाजेने असेल तर एखाददोन मार्क जाऊदे, चावट थोडं चालतं, आपण काय साधू नाही. अपमानाने असेल तर बाकीचे वीस मार्क पडले तरी तो पिच्चर लावायचा नाही. यावर अध्यक्ष कुरकुरले, त्यांचा एक आवडता पिच्चर त्यात उडतोय.

सुरमईचा तुकडा (मालवण)

कुठला ते आम्हाला कळलंच पाहिजे 😜

चावटवरून आठवलं, चावट आणि वात्रट यात काय फरक? मला वात्रट पोरगं म्हणायचे, चावट कधी नाही म्हणाले.

खाडीपलीकडे (गुहागर)

वात्रट पोरगं खोडी काढतं, वाकडं उत्तर देतं. चावटमध्ये आज तो दुसरा अर्थ आलाच, डोळा मारणारा. जुन्या भाषेत चावटी म्हणजे नुसती बडबड होती, त्यात तसलं काही नव्हतं. नववीतल्या मुलाला चावट म्हटलं की आता आई काळजीत पडते, वात्रट म्हटलं तर हसते.

जुना मास्तर (वेंगुर्ला)

एक प्रश्न माझाही. टायमिंगला मराठी शब्द सुचतोय का कुणाला? परवा एका परीक्षकाने ‘कालसाधन’ लिहिलेलं वाचलं, ते ऐकून पंचांग आठवतं. भरत विहसिताला ‘कालागत’ म्हणतो, वेळेवर आलेलं, पण ते हसणाऱ्याबद्दल आहे, हसवणाऱ्याबद्दल नाही.

राजाचा पार्ट (कुडाळ)

सर आम्ही टायमिंगच म्हणतो. जुने लोक म्हणायचे ‘तेका बरोब्बर सुचता’. पण सुचणं वेगळं आणि सुचल्यावर पेटीवाला थांबेपर्यंत तोंड बंद ठेवणं वेगळं, त्या दुसऱ्याला आमच्यात पण शब्द नाय. तुमच्या लक्षात आला तर टाका इथे, आमच्या पोरांना शिकवताना लागतो.