आईचा जर्मनी प्रवास : सामानात काय चालेल?

प्रश्न : माझी ६८ वर्षांची आई साताऱ्याहून प्रथमच परदेशी, माझ्याकडे म्युनिकला येत आहे. व्हिसा मिळाला आहे. मात्र कंदी पेढे आणि घरचे तूप आणायचेच, असा तिचा आग्रह आहे. हे चालेल का?

उत्तर १ : नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे पेढे, तूप दोन्ही बाद. चकली, मेतकूट, गोडा मसाला खुशाल आणावेत, तूप तर तिकडच्या लोण्याचेही छान कढते!

उत्तर २ : माझ्या सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या चेक-इन बॅगेत ठेवल्या आणि ती बॅग दोन दिवस उशिरा आली. म्हणून औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच असावीत. पॉवर बँकही तिथेच.

उत्तर ३ : किमान ३०,००० युरोंच्या विम्याचा कागद, परतीचे तिकीट आणि तुमचे निमंत्रणपत्र यांच्या छापील प्रती आईंच्या पर्समध्ये ठेवा, कारण विमानतळावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी हे कागद मागू शकतो. तुमचा पत्ता व फोन नंबरही ठळक अक्षरांत लिहून द्या.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पेढ्यांचे आईला आज रात्रीच सांगतो.